पाटीवरचा अनुस्वार

उजेडकाका स्थिर उभे आहेत असे मी फक्त ते पिस्तूल उचलत तेव्हाच पाहिले, आणि तेही क्षणभर. हात वर जायचा, श्वास थांबायचा, आता घोडा दाबणार असे वाटायचे, तेवढ्यात हात खाली. "उजेड बदलला," असे म्हणत ते चष्म्यावरची रंगीत काच काढायचे, दुसरी बसवायचे आणि तरातरा गॅलरीच्या दारात जाऊन बाहेर बघून यायचे. आले की पुन्हा पहिलीच काच. शेजारी नेम धरून उभी असलेली मी मनातल्या मनात दातओठ खात असे. मी आधीच तापट. मन एकाग्र होईल असे काहीतरी करा, असे डॉक्टरांनी सांगितले म्हणून नेमबाजी शिकायला आले होते, आणि माझ्या नशिबात शेजारी हा भोवरा.

आमचा क्लब गांधीबागेतल्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावर. खाली साड्यांची दुकाने. त्यातल्याच एका दुकानात काका साड्या दाखवायचे. "वरून दिवसभर काय टकटक लावून राहिले बे?" म्हणून एकदा भांडायला जिना चढून आले. आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी वाद न घालता त्यांच्या हातात पिस्तूल दिले. भांडण तिथेच राहिले आणि काकाही. त्यांचे वडील उमरेडला विणकर होते. मी एकदा वैतागून म्हटले, "काका, पाच मिनिटं बसा ना हो." तर म्हणाले, "आमचा बाप जनमभर मागावर बसला, पोरी. माह्या वाटचं बसणं बी त्यानंच बसून घेतलं."

साडी कोणतीही असो, गिऱ्हाईक कोणीही असो, काका तिला दुकानात पसंत करू देत नसत. "ट्यूबलाइट खोटं बोलते, बाई. दारात चला." मग पदर खांद्यावर टाकून बाई दारात, मागे काका, आणि रस्त्यावरच्या उन्हात रंगाचा निकाल. हीच रीत त्यांनी वर आणली. पिवळी काच ढगाळ दिवसासाठी, करडी उन्हाच्या तिरिपीसाठी, आणि एक नारिंगी, जिला सगळा क्लब अर्थातच संत्रा म्हणायचा. प्रत्येक काच त्या त्या रंगाच्या साडीच्या चिंधीत गुंडाळलेली. पिवळी काच लावली की कागदावरचे काळे वर्तुळ जरा उठून दिसते हे खरे आहे. सर फक्त एवढेच म्हणत, की काच बदलल्याने हात थांबत नाही. काकांना ते मान्य नव्हते.

काचेची परीक्षा घ्यायची त्यांची जागा ठरलेली होती. गॅलरीच्या दारातून समोर दुसरे एक साड्यांचे दुकान दिसायचे, काकांच्या मालकाचे जुने प्रतिस्पर्धी. पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'वस्त्र भांडार'. त्यातल्या 'भां'वरचा अनुस्वार हे काकांचे लक्ष्य. गल्लीही साधारण आमच्या नेमाच्या अंतराएवढीच रुंद. एकेक काच लावून ते त्या टिंबाकडे टक लावायचे. "यायच्या दुकानात घेण्यासारखं एवढंच हाये," असे वर म्हणायचे.

काकांना वयस्करांच्या गटातून राज्य स्पर्धेला जायचे होते. बाकी काही नाही, एवढेच. निवड चाचणीत दरवेळी थोडक्यात हुकायचे. "एकदा स्टेटले जाऊन येऊ दे," ते म्हणायचे, "मंग बसतो मी खाली." बोलताना पाय हलत असायचा, बोटे खिशातल्या चिंध्या चाचपत असायची, आणि मला कळायचे की या माणसाला रात्री झोपही नीट लागत नसणार.

मग त्यांचा नेम बिघडायला लागला. थोडाथोडका नाही, पार कागदाच्या कडेला. काका नव्या काचा आणू लागले. हिरवट आणली, तपकिरी आणली, मग दोन काचा एकावर एक लावून पाहिल्या. दुकानातही कुरबुर सुरू झाली. नव्या आलेल्या साड्यांचे काठ वाकडे विणलेत म्हणून ते विणकराला फोनवर खडसावत होते. मला खाली बोलावून एक साडी दारात नेऊन दाखवली. "पाय, मधातच वाकला काठ." मला काठ सरळ दिसत होता. तसे म्हटले तर चिडले. "तुले कपड्यातलं काय समजते वं?"

चाचणीला थोडे दिवस उरले होते. काका पिवळी काच लावून दारात उभे होते, नेहमीपेक्षा बराच वेळ. मग मोठ्याने म्हणाले, "पायलं का? पाटी रंगवली अन् अनुस्वार द्यायचाच राहिला. वस्त्र भाडार." मी जाऊन पाहिले. पाटी तीच होती, जुनी, धुळीची. "आहे की अनुस्वार," मी म्हटले. काकांनी पिवळी काढून करडी लावली. करडी काढून संत्रा लावली. मग सगळ्या काचा काढल्या, एक डोळा झाकला, दुसरा झाकला. त्यांचा हलणारा पाय थांबला तेव्हा मला भीती वाटली.

काकांच्या डोळ्याचा पडदा मधोमध झिजतोय, असे दवाखान्यात तपासून डॉक्टरांनी सांगितले. कडेचे दिसत राहील, पण जिथे नजर रोखावी तिथलेच दिसणार नाही. सरळ रेघा आधी वाकड्या दिसतात, तेही त्यांनी सांगितले. काकांनी तिथूनच विणकराला फोन लावला आणि माफी मागितली. दुसऱ्या दिवशी वर येऊन पिवळी काच माझ्या हातात ठेवली. "बाकीच्या मले राहू दे," म्हणाले. त्यानंतर ते वर आले नाहीत. शेजारची जागा रिकामी झाली, हवी तेवढी शांतता मिळाली, आणि माझे नेमात लक्ष लागेना. गोळी सोडायच्या आधी कोणीतरी उजेडाला नावे ठेवावीत असे वाटत राही.

पुढच्या चाचणीत राज्य स्पर्धेसाठी माझी निवड झाली. सांगायला खाली दुकानात गेले, तर काका बसले होते. स्टुलावर, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मला ते बघवेना. राग आला, पण कोणावर काढावा ते समजेना.

"कोणती काच लावशीन?" त्यांनी विचारले.

"तुमची पिवळी."

"दारात पाहिली?"

"नाही."

"काहून नाही पाहिली वं?" काका उठले आणि जुन्या सवयीने तरातरा दारात गेले. मी चिंधीतून काच काढून चष्म्यावर बसवली. ते माझ्याकडे तोंड करून उभे होते, पण नजर माझ्या खांद्यापलीकडे. "हालू नको. सरळ पाहिलं तर तू दिसत नाही. बाजूनं पाहिलं की दिसते." तसे त्यांनी मला नीट पाहून घेतले. मग म्हणाले, "आता वाच पाटी."

"वस्त्र भांडार."

"अनुस्वार हाये?"

"आहे, काका."

"कसा?"

"काळाकुट्ट. गोल."

"मंग जा," ते म्हणाले, "उजेड बदलायच्या आत."

गल्लीच्या टोकाशी जाऊन मी वळून पाहिले. काका अजून दारातच उभे होते, पाटीच्या जरा बाजूला नजर लावून.