नवऱ्याचे सात उपास

लग्नानंतर वर्षभरात माझा नवरा इतका देवभक्त झाला, की सासूबाईंनी ही बातमी गावी कळवायला लावली. पत्र अर्थात मीच लिहिलं. माहेरी दिघ्यात आणि सासरी कोपरखैरण्यात, दोन्ही घरांत मिळून बी.ए. झालेली मी एकटी. 'तुमचा नातू सोमवार, गुरुवार, शनिवार कडक उपास करतो' असं मी आजेसासूबाईंना लिहिलं खरं. उपासाच्या दिवशी नवरा-बायकोनं लांब राहायचं, हा आमच्याकडचा नियम. आणि नवऱ्याचे उपास वाढतच चालले होते.

सुरुवात माझ्यामुळे झाली असावी. लग्नाला महिना झाला होता. सासूबाई दळण आणायला गेल्या होत्या, तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं, "मला हे आवडतं. उगाच वाट बघायला लावू नका." कॉलेजात मी मानसशास्त्र घेतलं होतं. मनातलं दाबून ठेवू नये, असं पुस्तकात होतं. ऐकणाऱ्याचं काय होतं, तो धडा बहुतेक ऑप्शनला होता. नवरा "हं" म्हणाला आणि बशीत ओतायचा चहा त्यानं अंगातल्या गंजीवर ओतला. पुढच्याच सोमवारी पहिला उपास.

सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मारुतीचं नाव ऐकूनच मी काय ते समजले. वर संकष्टी, दोन एकादश्या. उरलेल्या वारांपैकी मंगळवारी तो म्हणायचा, "कालच उपास सोडलाय गं, अंगात जीव नाही." सासूबाई बोटं मोडून दृष्ट काढायच्या. "देवमानूस हाय माझं पोरगं. नाहीतर आजकालची पोरं बगा!" मी साबुदाणा भिजवायचे. गल्लीत दुसरी कुठली बाई माझ्याएवढा साबुदाणा भिजवत नसेल.

मग त्यानं शुक्रवार धरला. सोळा शुक्रवारांचं व्रत. ते बायका करतात, पण त्याच्या कंपनीची सुट्टी नेमकी शुक्रवारी. त्या दिवशी घरात आंबट बंद. सासूबाईंनी चिंच, कोकम, टोमॅटो, ताक सगळं शेजारी नेऊन ठेवलं. मी मात्र आरशात बघायला लागले. नकोशी झाले का मी याला? की शिकलेली बायको फक्त पत्रं लिहायला बरी?

सातव्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, तो खिचडीचा डबा घरी विसरला. उपाशी राहील म्हणून मी डबा घेऊन तुर्भ्याला त्याच्या कंपनीवर गेले. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "भाभी, वो तो सामने टपरी पे है."

समोरच्या टपरीवर माझा देवमाणूस भुर्जी-पाव खात होता. वर लिंबू पिळून.

"उपास आहे ना तुमचा?"

त्यानं घास गिळला. "हल्ली अंडं शाकाहारी धरतात."

रस्त्यावर ट्रकची रांग धडधडत होती. ओरडल्याशिवाय शब्द पोचत नव्हता. मी ओरडले, "मग हे सगळं कशासाठी?"

"काय?"

"मी नकोशी झाले का तुम्हाला?"

नेमकी तेव्हाच रांग संपली. सगळा रस्ता शांत. भुर्जीवाल्याचं उलथनं तव्यावर थबकलं. वॉचमन आकाशात बघायला लागला.

नवऱ्यानं मला दंडाला धरून कंपाउंडच्या भिंतीकडे नेलं. "नकोशी कशाला होशील, वेडे? दमतो मी. आठ तास मशीनपुढे उभा. घरी येतो तर तू अशी बघतेस, जसा सुपरवायझर ओव्हरटाइम सांगतो. पुरुषानं नाही कसं म्हणायचं? म्हटलं, देवाला पुढे करू."

"आणि शुक्रवार?"

"सुट्टीच्या दिवशी दमलो म्हणून कोण ऐकेल?"

"मी ऐकेन! दमलो तर दमलो म्हणा. मी काय मार्क कापणार आहे?"

"कापतेस. बोलत नाहीस, पण कापतेस."

ते खरं होतं. त्यानं पाठ फिरवली, की मी मनात रेघ मारायचे.

"बरं, नाही कापणार," मी म्हटलं. "पण तुमच्या मनात असेल तेव्हा?"

"तेव्हा मी सांगेन."

"आणि माझ्या असेल तेव्हा मी विचारणार."

"विचार. फक्त इथं विचारलंस तसं नको."

खिचडी भुर्जीवाल्यानं खाल्ली. त्याला मात्र खरोखर गुरुवार होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुपारी नवऱ्याच्या ताटात मी साधा वरण-भात वाढला. त्यानं सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कान लाल झाले होते.

"लिंबू आहे का गं?"

सासूबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. "आरं, शुक्कीरवार हाय! सातवा!"

"माहितीये, आई."

मी शेजारून लिंबू आणलं आणि अख्खं कापलं. त्यानं दोन्ही फोडी पिळल्या. सासूबाई पदर सावरत उठल्या. देवळात जाऊन देवीची माफी मागायची, ओटी भरायची, आरती धरायची, म्हणजे दोन तास सहज गेले असते.

मी त्यांना नारळ काढून दिला. चांगला मोठा बघून.