द्वारकेचा सूर आणि सुनीतीच्या चिपळ्या

वारज्यात जिथे गेनबाचा कांदा पिकायचा तिथे आता सात मजली सोसायटी आहे, आणि तिच्या चौथ्या मजल्यावर गेनबाची मुलगी सुनीती लोकांच्या जुन्या रेकॉर्डींच्या सीडी करून देते. पंचाहत्तरी उलटली आहे. बँकेत नोकरी केली, निवृत्त झाली, काही दिवस भिशी आणि हास्यक्लब केला आणि कंटाळली. मुलगा इंद्रजीत खराडीला नोकरीजवळ राहायला गेला तेव्हा जुना कॉम्प्युटर मागे टाकून गेला. "भंगारात दे," म्हणाला. तिने दिला नाही. त्याला रेकॉर्ड प्लेअरची वायर जोडली, इंटरनेटवर वाचून वाचून शिकली, आणि आता कोथरूडपासून धायरीपर्यंतची माणसं वडिलांच्या, आजोबांच्या तबकड्या छातीशी धरून तिच्या दारात येतात.

तिची पद्धत ठरलेली. आधी रेकॉर्ड धुवायची. नळाच्या पाण्याने नाही, त्याचे पांढरे डाग उरतात. गॅरेजमधून बॅटरीत घालायचं पाणी आणायचं, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, आणि तान्ह्या मुलाच्या केसांचा मऊ ब्रश. मग ती ताटल्यांच्या रॅकमध्ये उभी वाळत ठेवायची.

"आज जेवायला हेच का?" तिचे यजमान अभय विचारतात.

"हो. तुम्हाला दोन्ही बाजू वाढते."

वाळली की वाजवायची आणि कॉम्प्युटरमध्ये उतरवायची. पडद्यावर गाण्याची आकृती दिसते आणि रेकॉर्डवरचा प्रत्येक चरा तिच्यात काट्यासारखा उभा राहतो. सुनीती ते काटे एकेक करून वेचते, तांदळातले खडे काढावेत तसे. सगळी खरखर एका फटक्यात काढणारं बटणही आहे. त्याला ती 'गिरणी' म्हणते आणि वापरत नाही. "गिरणीत सगळंच दळलं जातं," ती सांगते. "घाई असेल तर दुसरीकडे जा." दुसरीकडे म्हणजे कुठे ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून लोक थांबतात.

अशा बाईकडे द्वारका आली.

द्वारका कोण ते सांगायला हवं. ती यवतमाळकडची, कॉलेजच्या हॉस्टेलवर राहणारी. सुनीती वारज्याहून सायकल मारत येणारी, गावातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. दोघी एका वर्गात. त्यांच्या एका बाईंनी लिहिलेलं गाणं मुलींनी बसवलं आणि कॉलेजने त्याची छोटी रेकॉर्ड काढायची ठरवलं. मधली कडवी एकटीने गायची होती. सुनीती गाऊन दाखवून बसली, मग द्वारका गायली. बाईंनी द्वारकेचं नाव घेतलं आणि सुनीतीकडे वळून म्हणाल्या, "तुमच्याकडे भजन असतं ना गं? तू चिपळ्या घे." गेनबाला मात्र आनंद झाला. "चिपळ्या म्हंजी ताल. पोरगी तालात हाय," असं त्याने पारावर सगळ्यांना सांगितलं. पोरगी न जेवता झोपली.

ते तिथेच संपलं असतं तर बरं. पण द्वारका शाळेत संगीत शिकवायला लागली आणि तिचे विद्यार्थी तिला भर रस्त्यात वाकून नमस्कार करायला लागले. सुनीतीने निम्म्या वारज्याची कर्जं मंजूर केली, कोणी वाकलं नाही. कॉलेजच्या मैत्रिणी जमल्या की एखादी म्हणतेच, "द्वारकेची ती दुसऱ्या कडव्यातली जागा, काय सूर लांबवलाय." मग सगळ्या माना डोलावतात आणि सुनीती चिवडा आणायला आत जाते. लोक याला हेवा म्हणतील. सुनीती ॲसिडिटी म्हणते.

"मुली माझी पंचाहत्तरी करतायत गं," द्वारका सोफ्यावर बसत म्हणाली. "कर्वे रोडला हॉल घेतलाय. आपलं ते गाणं लावायचंय. माझी रेकॉर्ड माळ्यावर पापडासारखी वाकली. तुझ्याकडे असेल ना?"

होती. पाकिटासकट. सुनीतीला ती ऐकवत नसे आणि टाकवतही नसे.

"मोबाइलवर पाठवू?"

"नको, सीडीच दे. हातात धरायला काहीतरी दिसतं." द्वारकेने चहाचा घोट घेतला. "तूही होतीस ना त्यात? कोरसमध्ये?"

"मी चिपळ्या वाजवल्या."

"चिपळ्या होत्या का त्यात?"

अभयने पेपर जरा वर धरला.

सुनीतीच्या पंचाहत्तरीला इंद्रजीतने हॉटेलात जेवण दिलं होतं आणि सूप संपायच्या आत त्याला ऑफिसचा फोन आला होता. द्वारकेला हॉल. द्वारका गेल्यावर सुनीतीने तिचा कप इतक्या जोरात घासला की त्याचा कान निघाला.

रेकॉर्ड तिने धुतली, वाळवली, लावली. कपाटातल्या ओलीने खरखर धरली होती, पण तिच्यामागून आवाज आला तो वीस वर्षांच्या मुलीचा, ताजा, नुकत्याच फोडलेल्या नारळासारखा. सुनीती कुठे एखादी चूक सापडते का म्हणून कान लावून बसली. सापडली नाही. ती लांबवलेली जागा आली तेव्हा तिने उठून आवाजच बंद केला. हिच्यासाठी मी काटे वेचत बसू? तिने कधी दाबत नाही ते बटण दाबलं, तेही जोर सगळ्यात वर ठेवून. गिरणीने गाण्याचं पाणी उतरतं हे तिला पक्कं माहीत होतं. उतरू दे. सीडी केली आणि न ऐकताच अभयच्या हाती पाठवून दिली.

द्वारकेचा फोन आला. "सुनीते, काय स्वच्छ केलीस गं. नुसता माझाच आवाज."

हे काही अपेक्षित नव्हतं. सुनीतीने आपल्याकडची प्रत लावली. आवाजाला खरोखरच काही झालं नव्हतं. गेल्या होत्या त्या चिपळ्या. लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज क्षणभराचा, टोकदार. पडद्यावर तो चऱ्यासारखाच उभा राहतो. गिरणीने चरे आणि चिपळ्या एकत्रच दळल्या होत्या. चिपळ्यांच्या चकत्यांची बारीक किणकिण तेवढी मागे राहिली होती, शेजारच्या खोलीत कोणी किल्ल्या शोधतंय अशी.

"चिपळ्या होत्या का त्यात?" अभयने विचारलं.

"तुम्ही आत जा."

ते गेले. सुनीतीने चष्मा पुसला आणि गाणं पहिल्यापासून हाताने वेचायला घेतलं. चरा बारीक आणि सरळ असतो, चिपळीला मागे किणकिणीचं शेपूट असतं. शेपूट बघून ती ठेवायचं ते ठेवत गेली. दिवसचे दिवस लागले. गिऱ्हाइकांना तिने दारातूनच परत पाठवलं. द्वारकेचा आवाज किती गोड ते ऐकावं लागत होतं, पण त्याच्याखाली आता आपला हात ऐकू येत होता, घड्याळासारखा नेमका. गेनबा उगीच सांगत नव्हता.

आणि मग दुसऱ्या कडव्यात एक चिपळी मिळाली नाही.

तिने मूळ रेकॉर्ड पुन्हा लावली. तिथेही नव्हती. ठोका पडायला हवा तिथे काहीच नव्हतं, आणि नेमका तिथेच द्वारकेचा सूर लांबला होता. पुढची चिपळी पडेपर्यंत लांबला होता, पडताक्षणी सुटला होता. ती जागा वगैरे काही नव्हती. द्वारका थांबली होती, सुनीतीचा ठोका चुकला म्हणून. जिच्यासाठी मैत्रिणींनी पन्नासावर वर्षं माना डोलावल्या ती जागा सुनीतीने चुकून करून दिली होती, आणि वाहवा मात्र द्वारकेची.

सुनीतीने दुसरीकडची एक चिपळी उचलली आणि त्या रिकाम्या ठिकाणी चिकटवली. तिच्या तो हातचा मळ. ऐकलं. आता द्वारकेचा सूर विनाकारण ताणलेला वाटत होता, नुसता मिरवणारा. सुनीतीला फार बरं वाटलं. पुन्हा ऐकलं तेव्हा बरं वाटेनासं झालं, कारण चिकटवलेल्या ठोक्यानंतर पुढचा ठोका फार उशिरा येत होता आणि लंगडत होत्या त्या चिपळ्या. द्वारकेची फजिती करायला आपल्या तालाची कशाला करायची? तिने चिकटवलेली चिपळी काढली, नवी सीडी केली आणि स्वतः रिक्षाने द्वारकेकडे गेली.

"पहिली छान होती की," द्वारका म्हणाली. पण लावली. थोडं ऐकून म्हणाली, "यात ही टकटक राहिली बघ."

"ती टकटक म्हणजे मी."

दुसरं कडवं आलं. ठोका चुकला, सूर लांबला, आणि द्वारकेला हसू फुटलं.

"आठवलं मला. अगं, तू माझ्याकडे बघत होतीस. हात तसाच वर. डोळे असे काढले होतेस की वाटलं, ही आता चिपळी फेकून मारते. टेप संपत आली होती, पुन्हा घेणार नव्हते. मग काय करते, धरून ठेवला सूर."

"तेव्हाच सांगायचं होतंस."

"सगळ्यांनी माझं कौतुक सुरू केलं. मग कशाला सांगू?"

हे उत्तर सुनीतीला नाइलाजाने पटलं. तिनेही सांगितलं नसतं.

"कोणती लावू कार्यक्रमात?" द्वारकेने विचारलं.

"तुझी पंचाहत्तरी आहे. लाव ती स्वच्छ."

"तोंड बघ आरशात. हीच लावते."

हॉल भरला होता. गाणं लावायच्या आधी द्वारकेने माइक हातात घेतला आणि सगळी हकीकत सांगितली: ही माझी मैत्रीण, हिच्या चिपळ्या, हिचा एक ठोका चुकला, मी सूर धरला. सुनीतीला उभं केलं. सुनीतीने हात जोडले. मग चिपळ्या वाजायला लागल्या, हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून, खणखणीत, आणि पहिल्या कडव्यापुरतं का होईना तिला वाटलं की द्वारका आपल्या तालावर गाते आहे. दुसऱ्या कडव्यात सूर लांबला तशी सगळ्यांनी टाळी दिली.

बाहेर पडताना सुनीतीच्या पुढे दोघी बायका चालल्या होत्या. "केवढं मोठं मन," एक म्हणत होती. "मैत्रिणीची चूक इतकी वर्षं झाकून ठेवली. आणि वर तिचा सत्कारही केला." दुसरी द्वारकेला वाकून नमस्कार करायला मागे फिरली.

रिक्षात अभय म्हणाले, "चिपळ्या स्पष्ट ऐकू आल्या हं."

"सगळ्या वाजल्या, एक सोडून," सुनीती म्हणाली. "लोकांनी तेवढी एकच ऐकली."