डोनलच्या कपाटातली शेवटची रेकॉर्ड

इरा आणि मिहिर,

डोनल गेल्याचं नोरीनने मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी तुमच्या एनिसच्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून डब्यांना लेबलं चिकटवत होते. हातात ‘जिरे’ होतं. ते मी तसंच बोटावर घेऊन खिडकीशी गेले. पलीकडे त्याची खिडकी बंद होती, आणि खिडकीच्या कट्ट्यावर, जिथे वर्षभर दर रविवारी स्पीकर असायचा, तिथे पावसाचं पाणी साचलं होतं. तुम्ही दोघं वरच्या खोलीत ऑनलाइन शाळेत होता. मी तुम्हाला मधल्या सुट्टीपर्यंत सांगितलं नाही. जेव्हा सांगितलं, तेव्हाही सगळं सांगितलं नाही... ते आज सांगते आहे, पुण्यात परत येऊन महिना व्हायला आला तेव्हा. मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहायला बसले की मी फार नीटनेटकी होते आणि अडचणीच्या गोष्टी आपोआप गळून पडतात. आईला म्हणावं, मोठ्याने वाचून दाखव.

मी तुमच्या त्या आयरिश गावात आले होते सहा महिन्यांसाठी. फेब्रुवारीत उतरले, मार्चमध्ये सगळं बंद झालं. तुमच्या बाबाचं शॅनन गावातलं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं आणि मी मागच्या अंगणात गेले. डोनलची माझी ओळख तिथली, कमरेएवढ्या भिंतीच्या दोन बाजूंची. त्र्याहत्तर वर्षांचा, लग्न न केलेला, शॅननच्या एका कारखान्यात चाळीस वर्षं माल तपासण्याचं काम केलेला माणूस. केळकर हे नाव त्याने दोनदा म्हणून पाहिलं आणि तिसऱ्यांदा मला ‘मिसेस के’ करून टाकलं.

“मिसेस के, तुम्ही रविवारी अकराला काय करता?” त्याने एकदा विचारलं.

“भाजी निवडते.”

“मी चर्चला जायचो. ते बंद आहे. आता अकरा वाजले की मी चांगला शर्ट घालून नुसता बसतो. गाणी ऐकणार का? तुम्ही तुमच्या बाजूला, मी माझ्या. देवाला चालेल, गार्डांनाही चालेल.” गार्ड म्हणजे तिथले पोलीस, हे तुम्हीच मला नंतर सांगितलंत.

पुढच्या रविवारी मी घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन बाहेर बसले. त्याने खिडकी उघडून स्पीकर कट्ट्यावर ठेवला. शाळेत मी नन्सकडून प्रार्थनागीतं शिकले आणि घरी रेडिओवर भावगीतं ऐकली. त्याच्या त्या अमेरिकन सोल संगीताचं मला नावसुद्धा माहीत नव्हतं. डोनलचा मोठा भाऊ फ्रँक सतराव्या वर्षी अमेरिकेला गेला होता, मोटारींच्या कारखान्यात. त्याच्या खोलीच्या दोन गल्ल्या पलीकडे, बंद पडलेल्या एका बेकरीत, काही कृष्णवर्णीय तरुणांनी एक छोटी रेकॉर्ड कंपनी काढली होती. त्या कंपनीची आवडलेली प्रत्येक नवी रेकॉर्ड फ्रँक घरी पाठवायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून. पंजाएवढ्या तबकड्या, दोन्ही बाजूंना एकेक गाणं. डोनलच्या आईने त्यांना तपकिरी कागदाची पाकिटं शिवली होती. चाळीसएक होत्या. डोनल दर रविवारी एक लावणार होता, क्रमाने.

“ही पहिली?” मी विचारलं.

“दुसरी. पहिली फुटली. मी पंधरा वर्षांचा होतो, नाचताना माझ्याच बुटाखाली आली. आई आठवडाभर हसत होती आणि मी आठवडाभर रडत होतो.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

एप्रिल-मेमधली गाणी ऐकताना मला वाटायचं, या सगळ्यांचं चाललंय तरी काय! टाळ्या, खंजिरी, मुलींचे साखरेसारखे आवाज, अडीच मिनिटांत प्रेम जमतं आणि मोडतं. एक बाई तीन रविवार त्याच माणसाची वाट बघत होती. मी न राहवून म्हटलं, “तो परत येणार नाही हे हिला कुणी सांगत का नाही?” डोनल म्हणाला, “सांगितलंय. पुढच्या रविवारी कळेल तिला.” मिहिर, तू भिंतीवर बसून टाचेने ताल धरायचास आणि बूट खराब होतात म्हणून मी ओरडायचे. डोनल म्हणायचा, “वाजवू द्या, तो ड्रमर आजारी आहे असं समजा.”

मग हळूहळू ते बदललं. कुठल्या रविवारी, ते मला सांगता येणार नाही, आणि मी तर नोंदी ठेवणारी बाई. रेकॉर्डच्या मधल्या कागदाचा फिकट पिवळा रंग जाऊन गडद निळा आला, पण ते नंतर. आधी खालचा, जाड तारेचा आवाज वर आला. खंजिरी मागे गेली. गाणी लांबली... मधेच कुणी गायचं थांबून नुसतं बोलायला लागे. एकीत तर मागे रस्त्यावरचा सायरन होता. मी तुमच्या रस्त्याकडे वळून पाहिलं. आता पुरुष मुलीसाठी गात नव्हते, आईला विचारत होते, भावाला विचारत होते, की हे लोक कुठे चाललेत आणि आपल्याला कुठे नेताहेत. मला ते आवडेना. मी सरळ म्हटलं, “डोनल, गाण्याला काय झालं हो?”

“गाण्याला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. “शहराला झालंय. फ्रँकच्या पत्रात असायचं. त्याच्या गल्लीतली दुकानं जळली. बेकरीच्या काचा फुटल्या. कारखान्यातली पोरं एकेक करून व्हिएतनामला गेली. रेकॉर्ड कंपनीचा मालक गाणाऱ्यांना सांगायचा, लोकांना नाच हवाय, तुम्ही नाचाचं गा. ते म्हणायचे, आम्ही रोज ज्या रस्त्याने इथे येतो, त्यावरून एकदा चालत या.”

त्या उन्हाळ्यात आपल्या टीव्हीवरही अमेरिकेतले रस्ते माणसांनी भरलेले दिसत होते. इरा, तू विचारलं होतंस, “आजी, इज धिस द सेम साँग ऑर इज इट न्यूज?” डोनलने ऐकलं आणि त्या दिवशी दुसरी बाजू लावलीच नाही.

त्यानंतर मी भाजी न्यायची बंद केली. नुसती ऐकायला बसू लागले. काही रविवार पावसात गेले, तेवढे हुकले. डिसेंबर संपताना दोन रेकॉर्ड्स उरल्या होत्या. “शेवटची नव्या वर्षात,” डोनल म्हणाला. “आणि चहा नाही त्या दिवशी. मी तुम्हाला काहीतरी बरं पाजणार आहे.”

वर्ष संपायच्या आदल्या दिवशी त्याला छातीच्या त्रासाने एनिसच्या इस्पितळात नेलं. भेटायला बंदी होती. नोरीन, त्याच्या बहिणीची मुलगी, डब्लिनला सँट्रीत. तिला तिच्या घरापासून लांब यायला मनाई. तिने मला फोन केला, की भिंतीजवळच्या कुंडीखाली किल्ली आहे, झाडांना पाणी घालाल का? मी घातलं. आणि मग मी, तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेली बाई, त्याच्या पुढच्या खोलीत शिरले. तुम्ही ज्याला ‘प्रेस’ म्हणता ते भिंतीतलं कपाट उघडलं आणि रेकॉर्ड्सवरची धूळ पाहिली.

एकेक काढून पुसली. पाकिटांवर काही लिहिलेलं नव्हतं, पण तबकडीच्या मध्यावर कंपनीचा क्रमांक होता. वा, म्हटलं, डोनल, तुम्ही तर माझ्याच जातीचे! सगळ्या क्रमांकवार लागलेल्या. फक्त एक सोडून. सर्वांत शेवटी, गडद निळ्यांच्या रांगेत, एकच फिकट पिवळी होती आणि तिचा क्रमांक सगळ्यांत लहान. मी ती उचलून सुरुवातीला लावली. वहीत नोंद केली: ‘एक रेकॉर्ड चुकीच्या जागी, शेवटी. योग्य जागी लावली.’ खाली तारीख. मला इतकं बरं वाटलं, की घरी येऊन तुम्हाला शिरा करून घातला. आठवतो का तो शिरा?

चौथ्या दिवशी दुपारी डोनलचा फोन आला. आवाज अगदी पातळ झाला होता. “मिसेस के, तुम्ही माझ्या घरात जाता ना? एक काम करा. दोन राहिल्यात आपल्या. मला वाटतं, एकच जमेल. शेवटची लावा. कपाटातली शेवटची.”

मी फोन चालू ठेवूनच त्याच्या घरात गेले, तो स्पीकरजवळ धरला आणि शेवटची लावली. फार कठीण गाणं होतं ते. लांबलचक. एक माणूस युद्धावर गेलेल्यांची नुसती नावं घ्यायचा आणि मागे कुणी उत्तर देत नव्हतं. डोनलने पूर्ण ऐकलं. मग म्हणाला, “ग्रँड. थँक यू, मिसेस के.” तिथे ग्रँड म्हणजे फार मोठं काही नाही. ठीक आहे, चालेल, त्रास नको, एवढंच.

मला ते ग्रँड बरं वाटलं नाही. घरी आले, नोंद करायला वही उघडली, आणि माझीच ओळ समोर आली. ‘चुकीच्या जागी, शेवटी.’ मी तिथूनच नोरीनला फोन लावला.

“पिवळी?” नोरीन म्हणाली. “ती फ्रँकमामाची. म्हणजे सगळ्याच त्याच्या, पण ती... त्याला सैन्यात बोलावणं आलं ना, तेव्हा जाण्याआधी त्याने पाठवलेलं ते शेवटचं पार्सल. डोनलने फोडलेली पहिली रेकॉर्ड त्याने कुठूनतरी परत शोधून काढली होती. फ्रँकमामा काही परत आला नाही. डोनल ती वर्षातून एकदाच लावतो, सगळ्या संपल्यावर. का हो?”

मी तिला सांगितलं. “अहो, तुम्हाला कसं कळणार,” ती म्हणाली.

पण मला कळायला हवं होतं. पहिली फुटली, हे त्याने मला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. मग पहिल्या क्रमांकाची रेकॉर्ड कपाटात आली कुठून, हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पडला असता. पुस्तक चुकीच्या जागी दिसलं तर आधी विचारायचं, इथे कुणी का ठेवलं असेल. हात नंतर लावायचा. हे मी तीस वर्षं मुलींना शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी डोनलच्या घरातून वॉर्डमध्ये फोन केला. केरळची नर्स होती. म्हणाली, “आंटी, ते आता बोलत नाहीत. झोपेतच असतात.” मी म्हटलं, त्यांना मी काल चुकीचं गाणं ऐकवलं, मला बरोबरचं ऐकवायचं आहे, अडीच मिनिटांचं आहे. तिला ते विचित्र वाटलं असेल. पण म्हणाली, “लावा. मी फोन कानाशी धरते.”

मी पिवळी रेकॉर्ड लावली. टाळ्या, खंजिरी, साखरेसारखे आवाज. अगदी एप्रिलमधलं गाणं. तेव्हा ऐकलं असतं तर मी भाजी निवडतच राहिले असते. पण आता वर्षभराचे सायरन, ती नावं, ती न मिळालेली उत्तरं, सगळं ऐकून झाल्यावर त्या टाळ्या आल्या, आणि मी फोन स्पीकरच्या आणखी जवळ धरला. फ्रँकने ती कुठल्या क्रमांकाची म्हणून पाठवली नव्हती. जाताना पाठवली होती.

सुई उचलली. नर्स म्हणाली, “आंटी, पाय हलले त्यांचे. पांघरुणाखाली. तालात.”

ती अनुभवी नर्स होती. फोनवरच्या माणसाला काय सांगायचं हे तिला माहीत असणार. मी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, नोरीनचा फोन आला.

अंत्यविधीला मोजकीच माणसं आत. बाकी सगळा रस्ता दोन्ही बाजूंना अंतर ठेवून उभा होता, त्यात आपणही. गाडी आपल्या दारावरून हळू गेली तेव्हा मिहिरने टाचेने भिंतीवर दोनदा वाजवलं आणि मी ओरडले नाही. नंतर नोरीन भिंतीपाशी आली, तेव्हा इरा, तू अभिमानाने म्हणालीस, आजीने डोनलच्या सगळ्या रेकॉर्ड्स नीट लावून ठेवल्या. नोरीन माझ्याकडे बघून नुसती हसली. तिने मला वाचवलं. मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, ते आता सांगितलं.

तिने ते सगळं, प्लेअरसकट, तुम्हा दोघांना दिलं. जिन्याखालच्या प्रेसमध्ये मी निघण्याआधी स्वतः लावून आले. पिवळी शेवटी आहे. सुरुवातीला बोटभर जागा मोकळी ठेवली आहे, ती भरू नका. मी पुन्हा आले आणि माझे हात शिवशिवले तरी मलाही भरू देऊ नका.

दर रविवारी तुमचे अकरा, माझे साडेचार. तुम्ही खिडकीत फोन ठेवता, मी इथे गॅलरीत घडीच्या खुर्चीत बसते. परवा तिसरी झाली. मिहिर, तू फोनवर विचारत होतास, “आजी, व्हेअर इज नंबर वन?” आहे, बाळा. डिसेंबरपर्यंत थांब. मधेच काढू नकोस.