वाटणीत गेलेली पांढरी पेटी

मुलांनो, फोनवर तुम्ही बोटाएवढे दिसता, ही माझी जुनी तक्रार आहे. सांगलीच्या आजीकडे, म्हणजे माझ्या धाकट्या जावेकडे, भिंतीवर मोठा टीव्ही आहे. दिवाळीत तुम्ही तिच्याशी त्यावर बोललात आणि छोटीचा पुढचा दात पडल्याचं तिला माझ्याआधी दिसलं. "तुमाला दिसलं न्हाई व्हय?" तिने फोनवर विचारलं. मी दिसलं म्हणाले. खोटं बोलले.

माझ्याकडे एक चांगला मॉनिटर होता. तुमचे आजोबा आणि त्यांचे भाऊ इथे कराडला लग्नपत्रिका छापायचे, त्या दुकानातला. दर शनिवारी मी त्याची काच पुसते. पण त्याच्या एकाच जाड वायरीतून वीज आणि चित्र दोन्ही जातात, आणि वायरीचं टोक त्या कंपनीचं खास. दुरुस्तीवाल्याने ते माझ्या लॅपटॉपशेजारी धरून पाहिलं. "काकू, ह्ये कशातच बसायचं न्हाई. मधी एक पांढरी पेटी लागती, इटंएवढी. आता मिळत न्हाई ती."

पेटी कुठे आहे हे मला ठाऊक होतं. दुकानाची वाटणी झाली तेव्हा दोघा भावांनी आळीपाळीने एकेक वस्तू उचलली. मॉनिटर आम्ही घेतला, पेटी त्यांनी. एकावाचून दुसरं निकामी, हे आम्हा चौघांनाही कळत होतं. तरी दोघांनी आपापली वस्तू घरी नेली.

दोन आठवडे मी मनाशी भांडले, मग सांगलीला गेले. पेटी जावेच्या शिलाई मशीनच्या पायाखाली होती. तिने ती लगेच काढून दिली, तिथे लाकडाचा तुकडा सरकवला आणि म्हणाली, "पर जाऊबाई, लावाल तवा मी बी येणार."

मला ते नको होतं. पण पेटी हातात घेऊन नाही कसं म्हणायचं?

रविवारी मी वायरी जोडेपर्यंत ती पुढच्या खुर्चीवर बसलीसुद्धा. चित्र आलं. छोटीच्या गालावरचा शाईचा डाग मला चष्म्याशिवाय दिसला. तेवढ्यात छोटीने हात हलवला आणि हाक मारली ती सांगलीच्या आजीला.

निघताना जाऊ म्हणाली, "पेटी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. मी येत जाईन."

येईलच ती. तिची खुर्ची मी थोडी मागे सरकवून ठेवली आहे. तुम्ही मात्र आधी मला हाक मारायची.