रिकामं असताना सगळेच हलके

हातात काहीही आलं की काका आधी डोळे मिटायचे. भाजीची पिशवी असो, कुणाचं तान्हं बाळ असो, नाहीतर लग्नाचा अल्बम. वस्तू दोनदा वरखाली करून ते आकडा सांगायचे आणि आकड्यामागोमाग टोमणा. मी हॉलंडमधल्या झूटरमेरला नवीन आलो, शेजारी मराठी घर आहे असं कळलं आणि भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी दारातच माझी बॅग काढून घेतली.

"सहा किलो. लॅपटॉपचे दोन. बाकी काय, सर्टिफिकेटं?"

खरंच फाइल होती. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला, म्हणून सगळी प्रमाणपत्रं जवळ घेऊन फिरायचो. मी हे अभिमानानं सांगितलं, आणि त्या दिवसापासून माझं नाव 'ग्रॅज्युएट' पडलं. नाव चिकटलं त्याचा राग आला नाही. माझा घराचा करार त्यांनीच ओळीओळीनं वाचून दिला होता. मला तर तोवर वाटायचं, छापलेलं म्हणजे खरं.

तीस वर्षं काकांनी वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात काढली होती. निवृत्त होताना तिथून मिळालेला पितळी तराजू दिवाणखान्यात होता. माणसांबद्दल त्यांचं मत वाईट होतं आणि ते सगळ्यांना सांगून झालं होतं. कुणी नवं घर घेतलं, कुणाला बढती मिळाली, कुणी मराठी मंडळाचा अध्यक्ष झाला, की काकांचं एकच वाक्य : "रिकामं असताना सगळेच हलके असतात. भरल्यावर सांग."

असा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. आपण त्याला टाळतो आणि सही करायची वेळ आली की त्याच्याच घरी जातो.

असल्या माणसानं मोटरहोम, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घ्यायचं ठरवलं तेव्हा आमच्या मंडळात सगळ्यांची करमणूक झाली. तीही साधी नाही, भिंत सरकणारी. बटण दाबलं की गाडीची एक बाजू पलंगासकट बाहेर जाते आणि आत खोलीएवढी जागा होते. "दुसऱ्याच्या बंगल्याला नावं ठेवतात आणि स्वतः चाकांवरचा बंगला घेतायत," असं एका गृहस्थांनी हसत म्हटलं. हे गृहस्थ वर्षातून दोनदा सोफा बदलतात.

गाडीमागचं कारण त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. काकूंची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेली होती. दुसरा झटका कधीही येऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते. काकूंना नॉर्वेतला न मावळणारा सूर्य पाहायचा होता. तो जूनच्या आसपासच दिसतो, आणि पुढचा जून कुणी पाहिलाय? हॉटेलात त्यांची विजेची खुर्ची न्हाणीघरात शिरायची नाही. मोटरहोममध्ये ती वळायची, पण भिंत सरकली तरच.

अडचण वजनाची होती. साध्या लायसन्सवर भरलेली गाडी साडेतीन हजार किलोंच्या आत हवी. मोठ्या लायसन्ससाठी काकांचा एक डोळा नापास झाला होता. आणि ती सरकती भिंत, तिचे रूळ, तिची मोटर यांचं वजन आधीच एवढं की माणसांसाठी, सामानासाठी उरतं थोडंसंच. जी भिंत हवी, तीच जागा खाणार. काका म्हणायचे, "घरजावयासारखी आहे. ठेवावा तर लागतो."

जानेवारीपासून दर शनिवारी मी त्यांना घेऊन जुन्या गाड्या बघायला जायचो. हार्लेमच्या बाहेर एक विक्रेता होता, चकाचक बूट, तोंडात सतत 'लक्झरी'. चामड्याच्या खुर्च्या, वाइनचं कपाट, छतावर एसी. काकांनी काहीच पाहिलं नाही. विचारलं, "वजन?"

"कागदावर तीन हजार एकशे वीस. तीनशे ऐंशी किलो मोकळे," विक्रेता म्हणाला.

"कारखान्यातून निघाली तेव्हाचं. त्यानंतर एसी कुणी बसवला? हे सोलर? ही सावलीची कनात? मागचं सायकलचं स्टँड?"

"त्यांचं असं कितीसं वजन असणार, मीनेर?" इथे साहेबाला मीनेर म्हणतात.

"चल, काट्यावर विचारू."

काट्यावर गाडी तीन हजार दोनशे ऐंशी भरली. काकांनी मग नुसती पुढची चाकं चढवली, मग नुसती मागची, मग एका बाजूची. भिंत, फ्रिज आणि पाण्याची टाकी एकाच अंगाला होती. ते अंग दीडशे किलोंनी जड. विक्रेता म्हणाला, आजवर कुणी तक्रार केली नाही. काका मराठीत माझ्याकडे वळून म्हणाले, "याची अक्कल पण एकाच अंगाला आहे."

आमच्या तालुक्याला साखर कारखाना आहे. उसाच्या गाडीला काटा कसा मारतात हे मी लहानपणापासून ऐकलंय. परदेशात सगळं चोख असतं असं समजून मी आलो होतो. इथेही काटा मारतात; फक्त काट्यावर नाही, कागदावर, आणि वर कॉफी पाजतात.

नायमेखनजवळची एक गाडी गळक्या भिंतीमुळे गेली. ओलं लाकूडही वजनच. एकीचे टायर वजन पेलणारे नव्हते. सातवी गाडी एप्रिलमध्ये मिळाली. तिच्याही कागदावर तीन हजार एकशे वीस होते, आणि काट्यावर ती खरोखरच तेवढी भरली. काका तिच्याभोवती तीनदा फिरले, टोमणा सापडला नाही, तेव्हा म्हणाले, "रंग भिकार आहे. घेऊ."

मग यादी. काकू बावन्न, खुर्ची आणि तिचा उतार ब्याण्णव, पाणी शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. स्वतःला त्यांनी ऐंशी धरलं होतं, पण तो आकडा वेगळ्या रकान्यात, कारण गाडी तोलली तेव्हा ते आत बसलेलेच होते. काकूंच्या कुकरचं झाकण त्यांनी वेगळं तोललं. मी दोन टीशर्ट जास्त सुचवले तर म्हणाले, "ग्रॅज्युएट, नॉर्वेत फॅशन शो नाही." सगळं लावून गाडी काट्यावर नेली. तीन हजार चारशे ऐंशी.

निघायच्या आदल्या दिवशी काका काकूंची औषधं आणायला गेले आणि तेवढ्या दुपारी मंडळ काकूंना भेटायला आलं. चौदा घरं. जी मंडळी हसली होती तीही. हातात डबे. चिवडा, शंकरपाळे, चकल्या, लोणचं, कुणाचं ज्वारीचं पीठ, कुणाचा तांदूळ. प्रवासाला निघालेल्या बाईच्या हातात शिदोरी द्यायची नाही तर काय. सोफेवाल्या गृहस्थांनी पितळी डब्यातून लाडू आणले. डबासुद्धा तीन किलोंचा असेल. आमच्या घरचाही एक स्टीलचा होता, हे कबूल करतो. मी वजनाच्या सगळ्या शनिवारी सोबत होतो आणि तरी मला सुचलं नाही.

सकाळी शेवटचं तोलून निघायचं, हा काकांचा हट्ट. मी काट्यापाशी हजर होतो. आकडा आला तीन हजार पाचशे चाळीस.

काकांनी मागचं दार उघडलं. पलंगाखाली डब्यांची रांग, काकूंनी आदल्या दुपारी आमच्याकडूनच लावून घेतलेली.

"हे काय आहे?"

"लोकांनी प्रेमानं दिलंय," काकू खुर्चीतून म्हणाल्या.

"प्रेम काट्यावर साठ किलो भरलंय. उतरव सगळं, ग्रॅज्युएट."

"एकही डबा उतरणार नाही," काकू म्हणाल्या. झटक्यानंतर त्यांचं बोलणं जड झालं होतं, पण एवढं वाक्य स्वच्छ आलं. "मी तीन वर्षं कुणाच्या घरी गेले नाही. लोक आले."

"लोकांना हसायला विषय हवा होता, तो संपला, म्हणून आले."

"असू दे. आले ना."

 काकांनी खाली वाकून पाण्याच्या टाकीची तोटी सोडली. तीसएक लिटर पाणी वाहून गेलं; बाकीचं काकूंना वाटेत लागणार होतं. आकडा तीन हजार पाचशे वीसवर अडला. तो काटा वीस-वीसनं सरकतो. काका आत गेले आणि पितळी तराजू घेऊन आले. तो ते सोबत नेत होते, हे मला माहीत नव्हतं. यादीत तो नव्हता.

"आठ किलो," ते म्हणाले आणि काट्याबाहेर उभ्या असलेल्या माझ्या हातात तराजू दिला. आकडा साडेतीन हजारांवर आला. "हसू नकोस. दात दिसले की वजन वाढतं."

सूर्य त्यांनी पाहिला. काकूंनी मला फोनवर सांगितलं, "अगदी लोचट आहे रे, जातच नाही." काका मागून म्हणाले की त्यात बघण्यासारखं काही नाही, नुसता उजेड.

परत आल्यावर डब्यांचा प्रश्न उभा राहिला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो. काकू खुर्चीतून सांगायच्या आणि काका रवा भाजायचे. चौदा घरी ते स्वतः गेले. आमच्या दारात म्हणाले, "खाऊ नका. दगड आहेत. रीत म्हणून दिले." लाडू खरोखरच दगड होते. माझ्या मुलीनं डचमध्ये विचारलं की हे कशानं फोडायचे.

फेब्रुवारीत काकू गेल्या.

मेमध्ये काकांनी गाडी विकायला काढली. त्यांना अकोल्याला भावाकडे जायचं होतं. एक तरुण डच जोडपं आलं. कागद पुरे आहे, असं ते म्हणत होते. काकांनी ऐकलं नाही. त्यांना काट्यावर नेलं, पुढची चाकं, मागची चाकं, एक अंग, दुसरं अंग, सगळं दाखवलं. शेवटी गाडी मधोमध उभी करून ते खाली उतरले आणि तिला टेकून उभे राहिले.

आकडा बघून ती मुलगी खूश झाली. "किती हलकी आहे," ती म्हणाली.

मी काकांकडे पाहिलं. ते वाक्य आता येणार, म्हणून थांबलो. त्यांनी गाडीच्या पत्र्यावरची धूळ तळव्यानं पुसली.

वरच्या खोलीतून काटेवाल्याचा आवाज आला, "मीनेर, तुम्ही काट्यावरच उभे आहात. तुमचंही वजन लागतंय."

काका दचकून काट्यावरून उतरले. आकडा साठनं कमी झाला. यादीत त्यांनी स्वतःला ऐंशी धरलं होतं.