परीटघरातली हेस्टर

लिंकनशायरातल्या ऑल्डरबी हॉलच्या परीटघरात १९१४च्या लढाईआधी सहाजणी राबत. लढाईनंतर चादरी, टेबलक्लॉथ गावच्या लाँड्रीत जाऊ लागले, एकेक करून बाकीच्या निघून गेल्या आणि उरली एकटी हेस्टर पास्क. म्हाताऱ्या लेडी स्केल्टनना यंत्रात धुतलेले कपडे अंगाला टोचत, म्हणून त्यांचे तेवढे हेस्टरनं हातानं धुवायचे.

परीटघर पार बागेपलीकडं. दुपारचं ताट झाकून यायचं, तोवर रश्श्यावर चरबी थिजलेली. दिवसचे दिवस बोलायला माणूस नाही. मग ती इस्त्रीलाच विचारायची, "तापलीस का गं?"

एकटी उरल्यापासून अकरा वर्षांत तिनं बाईसाहेबांना जवळून पाहिलं नव्हतं. पाहिले होते ते त्यांचे रुमाल. एरवी आठवड्याला चार-पाच, ऑक्टोबर लागला की तीस-तीस. त्यांचा एकुलता मुलगा ऑक्टोबरातच फ्रान्समध्ये लढाईत पडला होता.

१९३१च्या नोव्हेंबरात कारभारीण मिसेस थर्कल स्वतः दारात उभी राहिली. "एप्रन बदल. बाईसाहेबांनी बोलावलंय."

"माझं काही चुकलं का?"

"मला काय ठाऊक! आजवर कुणी तुझं नावही काढलं नव्हतं."

बाईसाहेब अंथरुणाला खिळलेल्या. "ऑक्टोबरात माझ्या रुमालांना खळ नसते. का?"

"खळीनं नाक सोलवटतं, बाईसाहेब. रडून रडून." बोलून गेली आणि हेस्टरनं जीभ चावली.

 मग म्हातारी म्हणाली, "घरात एवढी माणसं आहेत, एकाच्याही लक्षात आलं नाही. बस इथं."

त्यांच्यासमोर बसायचं? हेस्टर खुर्चीच्या कडेला कशीबशी टेकली.

"लढाईत तुझं कोण गेलं?"

"कुणी नाही, बाईसाहेब. जायला कुणी नव्हतंच."

"गुरुवारी ये," म्हातारी एवढंच म्हणाली.

त्यानंतर दर गुरुवारी पाव तास. बोलणं थोडंच: गारठा किती पडलाय, मुलाला कडक कॉलर कशी आवडत नसे. हेस्टर खाली आली की मिसेस थर्कल टोमणा मारायची, "आल्या का राणीसाहेब?" हेस्टरला तो टोमणाही गोड लागायचा.

मार्चमध्ये बाईसाहेब गेल्या. त्यांच्या पुतण्यानं घराला कुलूप घातलं. हेस्टरनं बाईसाहेबांच्या शेवटच्या चादरी धुतल्या, कडा जुळवून इस्त्री केल्या आणि रिकाम्या कपाटात ठेवल्या. ते करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढची वीस वर्षं ती लिंकन शहरातल्या एका लाँड्रीत होती, चाळीस बायकांत, यंत्रांच्या धडधडाटात. पोरी विचारायच्या, "मोठ्या घरात होतीस म्हणे! बाई कशी होती गं?"

"बरी होती," हेस्टर म्हणायची आणि पुढची चादर ओढायची.