मोजे काढू नको

धावड्याच्या स्टँडवर मला निरोप द्यायला हेडमास्तर मामा शाल घेऊन आले होते. पोरगी पुण्याला नोकरीला निघाली, म्हणजे भाषण आलंच. शेवटी ‘जयभीम’ म्हणून ते थांबतील या आशेवर मी उभी होते. माझ्या पोटाला तेवढी मुदत नव्हती. एसटीत चढताना आई कानाशी म्हणाली, “मोजे काढू नको कुठं. स्थळं यायचीत अजून.”

मोज्याखाली नडगीवर जखम होती, जांभळ्या कडांची, न भरणारी. पोटाचं दुखणं आम्ही ‘मूळव्याध’ म्हणून मिटवलं होतं, पायाचं ‘दगड लागला’ म्हणून.

पुण्यात त्वचेच्या डॉक्टरबाईंनी नडगी पाहिली आणि विचारलं, “संडासातून रक्त जातं का?” मला वाटलं, बाईंच्या हाती दुसऱ्याच पेशंटची फाईल आली. मग कोलोनोस्कोपी, बायोप्सी, स्टेरॉइड हे शब्द माझ्या मराठीत राहायला आले. आतड्याला सूज होती. पायाची जखम त्याच दुखण्याची निघाली. “ही जखम खरवडू देऊ नका,” बाई म्हणाल्या. “खरवडली की वाढते.” गोळ्यांनी ती भरत आली.

हे फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, “माझ्याबी पायाला तसंच हाय. जालन्याचे डॉक्टर साफ करून राह्यले.”

“आई, रक्त जात असेल तर तेही सांग त्यांना.”

“जातं की. पण पाय दाखवायला गेल्यावर ते कसं सांगू बाई? डॉक्टर गडीमाणूस हाय.”

त्या डॉक्टरांच्या पाटीवर पदव्यांच्या गर्दीत नाव शोधावं लागे. ते जखम खरवडत, ती रुंद होई. मी फोन केला तर म्हणाले, “तुम्ही डॉक्टर आहात का?” प्रश्न रास्त होता. गाव सोडलेल्यांना ठाऊक आहे, फोनवरून कितीही काळजी करता येते, दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसता येत नाही. पुण्याला ये म्हटलं की आई म्हणे, “कापूस वेचून झाला की येते.” वेचणी संपली, तोवर जखमेचं विष अंगात भिनलं होतं.

मी पोचले तेव्हा तिला पांढऱ्या वस्त्रात ठेवलं होतं. मावशीनं तिच्या पायांत मोजे चढवले होते. मी ते काढायला गेले, तर मावशीनं माझा हात धरला.

“असू दे गं. लोकं पाया पडायला येऊन राह्यले.”

मी हात मागं घेतला.

पुण्यातल्या खोलीत मी अनवाणी वावरते. कुणी पायाचा वण विचारला तर सांगते, पोटासकट सांगते. गावी अजून जाते. भोकरदन मागं पडलं की बॅगेतले मोजे पायांत चढवते. घर जवळ आल्याचं मला त्यावरूनच कळतं.